वाकड्या शिंगांचा इतिहास

मराठीत शिंग एकच आहे. बैलाचे शिंग, काळविटाचे शिंग, सांबराचे शिंग, रणात फुंकायचे शिंग, या सर्वांना आपली भाषा एकाच शब्दात बसवते आणि तिला त्यात काही अडचण वाटत नाही. प्राणिशास्त्राला मात्र ती वाटते. बैल, बोकड, काळवीट यांचे शिंग म्हणजे आत हाड आणि वर नखासारख्या द्रव्याचे टोपण. ते जन्मात एकदाच येते आणि मरेपर्यंत डोक्यावर राहते. सांबर, चितळ, भेकर यांचे शिंग म्हणजे निखळ, भरीव हाड. ते नरालाच येते, मऊ केसाळ कातडीखाली वाढते, कातडी सुकून घासली गेली की उघडे पडते आणि पुढे एके दिवशी गळून जाते. मग नवे येते. हा भेद दाखवण्यासाठी मराठीतल्या शास्त्रीय लेखनात 'कुरंग' आणि 'सारंग' असे दोन वर्ग केले गेले, सारंगांच्या शिंगांना 'मृगशिंगे' असे वेगळे नावही दिले गेले. पण बोलीने ते उचलले नाही. आम्हीही या लेखात बहुतेक ठिकाणी नुसते 'शिंग' असेच म्हणणार आहोत.

तरीही भेद लक्षात ठेवायला हवा, कारण आमचा विषय वाकड्या शिंगांचा आहे. बैलाचे शिंग एकदा वाकडे झाले की ते त्या बैलाची कायमची ओळख होते. सांबराच्या बाबतीत ते एका वर्षाचे विधान असते. पुढच्या वर्षी तेच जनावर सरळ शिंगे घेऊन येईल, किंवा पुन्हा तसेच वाकडे घेऊन येईल, किंवा एका बाजूला शिंग आणि दुसऱ्या बाजूला नुसता गड्डा घेऊन येईल. अशा शिंगांकडे माणसांनी कसे पाहिले, काय नोंदवले आणि त्यातून काय निष्कर्ष काढले याचा इतिहास चांगला दीडशे वर्षांचा आहे, आणि भारतापुरता तो फार मोठ्या प्रमाणात मुंबईत लिहिला गेलेला आहे.

वाकडे म्हणजे काय हे ठरवायचे तर आधी सरळ काय ते सांगावे लागते. सांबराच्या आणि चितळाच्या प्रत्येक शिंगाला सर्वसाधारणपणे तीन टोके असतात. कपाळाशी एक फाटा पुढे येतो. मुख्य दांडा वर जातो आणि शेवटी त्याचे दोन फाटे होतात. सांबराचा कपाळाजवळचा फाटा दांड्याशी लघुकोन करतो, चितळाचा जवळजवळ काटकोन करतो. सांबराची शिंगे जाड आणि खरबरीत, चितळाची सडपातळ आणि वीणेच्या आकाराची. दोन्ही बाजू मिळून सहा टोके झाली. बारशिंगाला मात्र नावाप्रमाणे बारा किंवा त्याहूनही अधिक टोके असतात आणि त्यात कुणाला काही वावगे दिसत नाही. चौशिंगा हा तर कुरंग. त्याच्या चार शिंगांतली दोन कपाळावर आणि दोन मागे, आणि तोच त्याचा नियम. म्हणजे टोकांच्या संख्येत स्वतःचे असे विकृत काही नाही. सांबराला सातवे टोक आले की ते अपवाद होते. बारशिंगाला अकरावे आले तर त्याची कुणी दखल घेत नाही. चितळांच्या म्हाताऱ्या नरांमध्ये कपाळाच्या फाट्याच्या मुळाशी एखाददुसरे छोटे खोटे टोक इतक्या सर्रास आढळते की त्याला अपवाद म्हणणेही अवघड आहे. व्याकरणात जशी काही रूपे 'अनियमित' म्हणून शिकवली जातात आणि प्रत्यक्षात रोजच्या बोलण्यात तीच सर्वाधिक वापरली जातात, तसेच हे.

व्याकरणाचा दाखला आम्ही सहज दिलेला नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन भारतीय होते, आणि दोघेही मराठी डॉक्टर होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, १८६७ च्या प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक आणि ज्यांच्या नावाने पुढे इतिहासात एक मोठा खटला गाजला त्या रखमाबाईंचे सावत्र वडील. आत्मारामांचे थोरले बंधू दादोबा पांडुरंग, १८३६ साली मराठीचे व्याकरण छापणारे आणि 'मराठीचे पाणिनी' म्हणून ओळखले जाणारे, आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, वारले होते. एका भावाने भाषेतले नियम आणि अपवाद मांडले, आणि दुसरा भाऊ अशा संस्थेच्या पायाभरणीत होता की जिच्या नियतकालिकात पुढे प्राणिसृष्टीतले असंख्य अपवाद नोंदले गेले. यात कार्यकारणभाव शोधण्याचा मोह आम्हांला नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत व्याकरण, धर्मसुधारणा, वैद्यक आणि निसर्गविज्ञान ही एकाच घरात नांदत होती, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये. आपण त्या शतकाचा वाङ्मयीन इतिहास शिकवतो तेव्हा ही चौथी खोली बहुधा बंदच ठेवतो.

सोसायटीचे नियतकालिक १८८६ च्या जानेवारीत सुरू झाले. त्याचे पहिले संपादक दोघे : ई. एच. एटकेन आणि आर. ए. स्टर्नडेल. एटकेन सीमाशुल्क आणि मिठाच्या खात्यात नोकरीला, 'ईएचए' या आद्याक्षरांनी खुसखुशीत निसर्गलेखन करणारे. स्टर्नडेल यांनी १८८४ मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांवर पुस्तक लिहिले, आणि त्याआधी १८७७ मध्ये शिवणीच्या जंगलांवर 'सिवनी' हे पुस्तक; मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने आपल्या मोगलीला ज्या शिवणीत वाढवले ती त्याने बरीचशी स्टर्नडेलच्या पुस्तकातून घेतली असे मानले जाते. या दोघांच्या संपादनाखाली आणि पुढे अनेक दशके त्या नियतकालिकाच्या शेवटच्या पानांत किरकोळ टिपणांचा एक विभाग चालू राहिला. आमच्या मते संपूर्ण नियतकालिकातला सर्वांत वाचनीय भाग हाच. कुणी सैन्यातला अधिकारी, कुणी वनखात्यातला, कुणी चहामळ्याचा मालक आपापल्या जिल्ह्यातून चार-दहा ओळी पाठवतो : अमुक ठिकाणी मारलेल्या सांबराला डाव्या बाजूस दोन जादा फाटे, अमुक चितळाचे उजवे शिंग खाली वळून डोळ्यावर आलेले, शिंगांची लांबी इतके इंच, बुंध्याचा घेर इतका, सोबत छायाचित्र. लेखकाला बहुधा एवढेच विचारायचे असते की असे कुणी पूर्वी पाहिले आहे काय.

या टिपणांना एक मोठी मर्यादा होती. ती शिकाऱ्यांनी लिहिलेली होती. शिकारी ज्याला नोंद म्हणतो ती त्या प्राण्याच्या आयुष्यातली शेवटची नोंद असते. लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ मध्ये मोठ्या शिकारीच्या विक्रमांचे पुस्तक काढले आणि बाहेरच्या वळणावरून लांबी, घेर, टोकाटोकांतले अंतर, टोकांची संख्या अशी मोजमापाची पद्धत रूढ केली. त्यानंतर शिंगे म्हणजे आकडे झाली. त्या आकड्यांत वाकड्या शिंगाला धड जागा नव्हती. ते विक्रमाच्या रांगेत बसत नव्हते. पण दिवाणखान्याच्या भिंतीवर मात्र सुरेख दिसत होते. त्यामुळे विचित्र शिंगांचे नर हेरून मारले गेले, त्यांची टिपणे छापली गेली आणि साध्या शिंगांच्या शेकडो नरांची कुणी नोंद केली नाही. आज ती टिपणे वाचून कुणी असे म्हणू लागला की त्या काळी भारतीय जंगलांत वाकडी शिंगे फार होती, तर तो फसेल. आपल्याकडे बखरी वाचताना जी सावधगिरी बाळगायची ती येथेही बाळगावी : लेखकाने काय लिहिले याबरोबरच त्याला काय लिहावेसे वाटले नाही हेही विचारावे.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म होती. या निरीक्षकांचे डोळे युरोपातल्या लाल हरणावर तयार झाले होते. तिकडे ऋतू कडक. दिवसाची लांबी हिवाळा-उन्हाळ्यात फार बदलते, आणि त्या प्रकाशाच्या घड्याळावर सगळे नर जवळजवळ एकदमच शिंगे गाळतात, एकदमच नवी आणतात. मुंबई १९ अक्षांशावर आहे. येथल्या चितळांचे घड्याळ इतके एकसुरी नाही. एकाच कळपात एका नराची शिंगे पक्व, दुसऱ्याची मखमलीत, तिसऱ्याची नुकतीच गळलेली, हे दृश्य वर्षाच्या कोणत्याही महिन्यात दिसू शकते. सांबरात त्यामानाने अधिक शिस्त : शिंगे बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात, पावसाळ्यात मखमलीत वाढतात आणि थंडीत, माजाच्या दिवसांत, पक्की असतात. तरी काही सांबरे वर्षाला शिंगे गाळतच नाहीत, तीच दोनदोन-तीनतीन वर्षे वागवतात, असे जुन्या शिकाऱ्यांचे म्हणणे होते आणि त्यावर पुष्कळ वाद झाले. ज्याला ते अनियमितपणा म्हणत होते त्याचा काही भाग म्हणजे उष्ण कटिबंधाचा स्वतःचा नियम होता. अमेरिकन संशोधक रिचर्ड गॉस यांनी जपानी सिका हरणांवर प्रयोग करून पुढे हे दाखवून दिले. कृत्रिम प्रकाशाने वर्ष आखूड केले की ती हरणे एका वर्षात शिंगांचे अनेक जोड आणतात, आणि बारा तास उजेड, बारा तास अंधार असा न बदलणारा दिनक्रम ठेवला की शिंगे गळण्याचे थांबू शकते. १९८३ च्या त्यांच्या पुस्तकाने हा सगळा विषय एकत्र आणला. परकीय व्याकरणाच्या साच्यात मराठी बसवताना जी रूपे 'अपभ्रष्ट' ठरली, त्यांची आठवण येथे भाषेच्या अध्यापकांना होईल.

आता कारणांकडे वळू. विचित्र शिंग दिसले की लोक दोन गोष्टी बोलतात : एक तर रक्त बिघडले, नाहीतर दैव फिरले. प्रत्यक्षात सर्वांत सामान्य कारण साधी इजा हे आहे. शिंग वाढत असते तेव्हा ते रक्तवाहिन्यांनी भरलेले, ऊबदार आणि नाजूक असते. सस्तन प्राण्यांत इतक्या वेगाने वाढणारा दुसरा अवयव नाही, आणि मोठ्या जातींत ही वाढ दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत जाते. तिला लागणारे चुनखडीचे द्रव्य जनावर काही अंशी स्वतःच्या बरगड्यांतून आणि इतर हाडांतून उसने घेते. या दिवसांत शिंग फांदीवर आपटले, कशात अडकले, वेलीचा फास बसला, तर ते वळते, दुभंगते, खाली लोंबते आणि तसेच पक्के होते. अशी इजा त्या वर्षापुरती. शिंग गळले की तीही गळते. पण इजा ज्या हाडाच्या खुंटावर शिंग उगवते त्या खुंटालाच झाली असेल, तर दोष दर वर्षी परत येतो, कधीकधी त्या जागी तिसरे शिंगही निघते. आणखी एक चमत्कारिक संबंध अनेक जातींत दिसलेला आहे. मागच्या पायाला जबर दुखापत झाली तर बहुधा विरुद्ध बाजूचे शिंग खुरटते : उजवा पाय मोडला, डावे शिंग वाकडे. जुन्या टिपणांत शिंगांची मापे इंचाच्या अष्टमांशापर्यंत दिलेली असतात. त्या जनावराच्या पायाकडे कुणी पाहिले होते असे सहसा दिसत नाही.

या सगळ्यात आम्हांला सर्वाधिक विचारात टाकणारे निरीक्षण १९६५ साली बुबेनिक आणि पाव्हलान्स्की या संशोधकांनी मांडले. वाढत्या शिंगाला एका विशिष्ट जागी जखम केली तर त्या वर्षी तेथे जादा फाटा येतो, हे समजण्यासारखे आहे. पण ते शिंग गळून गेल्यावर, पुढच्या वर्षी आलेल्या कोऱ्या शिंगावर, जेथे कधीच जखम झालेली नाही तेथे, त्याच जागी पुन्हा फाटा दिसला. आणि त्यानंतरच्या वर्षांतही. जखम झालेले हाड जमिनीवर पडून गेले आहे, तरी जखमेची जागा शरीराला ठाऊक आहे. ती कोठे साठवली जाते, चेतासंस्थेत की खुंटाच्या पेशींत, यावर अद्याप एकमत झालेले नाही. या घटनेला शास्त्रात 'स्मृती' हाच शब्द वापरतात. साहित्यातले लोक हा शब्द किती सैलपणे वापरतात हे आम्ही जाणतो, म्हणून त्याला येथे अधिक ओढत नाही.

दुसरे मोठे कारण अंतःस्रावांचे. शिंग वाढून पक्के होणे, मखमल सुकणे, शिंग डोक्यावर टिकणे आणि शेवटी गळणे ही सर्व नराच्या वृषणातून स्रवणाऱ्या द्रव्यावर अवलंबून असतात. पहिले शिंग येण्याआधीच नर खच्ची केला तर शिंगे येतच नाहीत. पक्की शिंगे असताना केला तर ती थोड्याच आठवड्यांत गळतात, नवी येतात, पण ती कधी पक्की होत नाहीत; मखमल सुकत नाही, शिंग गळतही नाही, आणि वर्षानुवर्षे गाठीवर गाठ चढत जाते. युरोपातल्या रो जातीच्या लहान हरणांत तर अशा नराचे डोके केसांच्या टोपासारख्या मांसल गोळ्याने झाकून जाते. खच्चीकरणाचा आणि शिंगांचा हा संबंध अॅरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथात आलेला आहे. त्याने सांगितलेले तपशील पूर्ण बरोबर नाहीत, पण दिशा बरोबर आहे. निसर्गात हे कुंपणाच्या तारेने, झुंजीतल्या वर्मी घावाने किंवा वृषण पोटातच राहून गेल्याने घडते.

आमच्या परंपरेत हा संबंध एका शब्दात दडून बसला आहे. चौदाव्या शतकातला विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त शृंगार या शब्दाची फोड करताना शृंग म्हणजे मन्मथाचा उद्भेद, असा अर्थ देतो. अलंकारशास्त्राच्या तासाला ही व्युत्पत्ती आपण पाठ करून घेतो आणि पुढे जातो, कारण शिंगाचा आणि रतीचा काय संबंध हे शिकवणाऱ्यालाही नीट उलगडत नाही. विश्वनाथाला अंतःस्राव ठाऊक नव्हते हे उघडच आहे, आणि व्युत्पत्ती शास्त्रीयदृष्ट्या टिकेल की नाही हा प्रश्न वेगळा. पण ज्या समाजात माजावर आलेला नर आणि त्याची पक्की झालेली शिंगे ही पाहण्यातली गोष्ट होती, तेथे हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटला नसेल. उलट आपल्या म्हणी पाळीव जनावरांच्या आहेत. म्हातारपणी 'शिंगे मोडून वासरांत शिरणे' हे गोठ्यातले उपहासाचे चित्र. रानातला म्हातारा सांबर दर वर्षी शिंगे टाकतो, आणि वय उतरणीला लागले की त्याची नवी शिंगे खरोखरच आधीपेक्षा आखूड आणि साधी येऊ लागतात.

शिंगांच्या अपवादाची सर्वांत जुनी आणि प्रसिद्ध कथा अर्थातच ऋष्यशृंगाची. विभांडकाचा पुत्र, हरिणीच्या पोटी जन्मलेला, कपाळावर शिंग घेऊन आलेला, स्त्री कधीही न पाहिलेला. त्याला अंगदेशात आणले की पाऊस पडतो. महाभारताच्या वनपर्वात आणि रामायणाच्या बालकांडात ती आहे, पाली जातकांत तो 'इसिसिंग' होतो, आणि त्याला भुलवणारी राजकन्या नलिनिका. या कथेत शिंग कोणाचे अनिष्ट दर्शवत नाही. ते त्याच्या आईकडून आलेले आहे, आणि त्याचे सामर्थ्य कमी करत नाही. येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. १८७८ साली विलायतेला जाण्याआधी तरुण रवींद्रनाथ ठाकूर मुंबईत आत्माराम पांडुरंगांच्याच घरी राहिले होते. आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा हिला त्यांनी 'नलिनी' हे नाव दिले. आणि पुढे 'पतिता' या कवितेत त्यांनी ऋष्यशृंगाला भुलवायला गेलेल्या गणिकेचे मनोगत लिहिले. नलिनी हे नाव बंगालीत तेव्हा काही दुर्मीळ नव्हते, त्यामुळे यातून काही सिद्ध करायला आम्ही निघालेलो नाही. पण एकाच घराच्या आसपास इतकी शिंगे जमावीत याची मौज वाटते.

दर्शनग्रंथांनी शिंगाला आणखी एक काम दिले : अशक्य गोष्टीचे उदाहरण होण्याचे. शशशृंग, सशाचे शिंग. वंध्यापुत्र आणि आकाशपुष्प यांच्या पंक्तीत ते बसते. निसर्गाने मात्र तेही सोडलेले नाही. अमेरिकेतल्या रानसशांच्या तोंडावर आणि डोक्यावर शिंगांसारखे काळे कठीण कोंब येतात; ते विषाणूमुळे येतात हे रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये दाखवले. नैयायिकांचा दृष्टांत त्यामुळे कोसळतो असे कुणी समजू नये, कारण ते शिंग नव्हे, रोग आहे. पण हरिणीच्या शिंगाचे तसे नाही. रेनडिअर सोडले तर सारंगांच्या माद्यांना शिंगे नसतात, हा नियम. आणि तरीही रो हरणांत व अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत शिंगे असलेल्या माद्या वेळोवेळी सापडलेल्या आहेत, ती शिंगे बहुधा मखमलीतच राहतात. म्हणजे शिंग उगवण्याची शक्यता मादीच्या कपाळातही असते, ती जागी होत नाही एवढेच. १९७४ साली हार्टविग आणि श्रुड्डे यांनी रो हरणाच्या कपाळावरच्या हाडाचे आवरण काढून पायावर लावले, तर शिंग पायावर उगवले. शक्यता नेमकी कोठे बसलेली असते हे त्या पातळ आवरणाने सांगितले.

स्वातंत्र्यानंतर या नोंदींचे स्वरूप पालटले. १९४८ मध्ये सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांचे भारतीय प्राण्यांवरचे पुस्तक आले आणि कित्येक पिढ्यांनी सांबर-चितळांची 'सरळ' शिंगे त्यातून शिकली. १९५१ मध्ये मुंबई राज्यात वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्या मागे हुमायून अब्दुलअली यांचे श्रम होते; १९७२ मध्ये देशव्यापी वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकार संपली, आणि तिच्याबरोबर मोजपट्टी लावलेली टिपणेही संपली. आता तर जंगलात गळून पडलेले शिंगसुद्धा उचलून घरी आणता येत नाही. आमच्या लहानपणापर्यंत पुष्कळ मराठी घरांत सहाणेजवळ साबरशिंगाचा एक तुकडा असे; छातीत कफ दाटला की तो उगाळून लेप लावत, आणि वैद्यांकडे शृंगभस्माची पुडी मिळे. तो तुकडा कोणत्या सांबराचा, सरळ शिंगाचा की वाकड्या, असे कुणी विचारत नसे.

त्यामुळे आज विचित्र शिंग पाहायचे तर ते जिवंत जनावराच्या डोक्यावरच पाहावे लागते, आणि मुंबईकराला त्यासाठी फार दूर जायला नको. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, गोरेगाव. पूर्वेला मुलुंड आणि भांडुप. मध्ये १८६० चा विहार आणि १८७९ चा तुळशी हे तलाव आणि कान्हेरीची लेणी. येथे चितळ आहेत, सांबर आहेत, भेकर आहे, आणि त्यांच्यावर जगणारा बिबट्या आहे. गोरेगावला चित्रनगरीलगत सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्रही आहे. एकोणिसाव्या शतकात जे टिपण शिवणीहून किंवा निलगिरीहून टपालाने मुंबईत येत असे, ते आता लोकलने जाऊन करता येईल.

पण अशा जंगलातले वाकडे शिंग पाहताना एक उत्तर फार लवकर ओठांवर येते. जंगलाला चहूबाजूंनी शहराने वेढले आहे, बाहेरचे रक्त येत नाही, म्हणून वंश खालावला, म्हणून शिंग वाकडे. वेढलेल्या जंगलात आंतरप्रजननाचा धोका असतो हे खरेच आहे, आणि ती चिंता गंभीर आहे. पण एका चितळाचे एक शिंग त्याचा पुरावा होत नाही. इजा झाली असेल तर ती साधारणतः एका बाजूला दिसते. अंतःस्रावांचा दोष असेल तर दोन्ही शिंगे मखमलीत अडकून राहतात. आहार निकृष्ट असेल तर शिंगे लहान आणि बारीक येतात, वेडीवाकडी येतातच असे नाही. वेढलेल्या जंगलाला कुंपणे असतात, तारा असतात, टाकून दिलेल्या दोऱ्या असतात, पाठलाग करणारी भटकी कुत्री असतात. शहराचा हात शिंगापर्यंत पोचला असेलच, तर रक्तापेक्षा या वाटेने तो लवकर पोचेल. एका कवीच्या एका दुर्बोध ओळीवरून संपूर्ण पिढीच्या ऱ्हासाचे निदान करणारे समीक्षक आपण पाहिलेले आहेत. त्यांची रीत येथे उचलण्याचे कारण नाही.

शिकाऱ्याच्या टिपणाला जे कधीच शक्य नव्हते ते आजच्या निरीक्षकाला शक्य आहे : त्याच जनावराला दुसऱ्या वर्षी पुन्हा पाहणे. चितळाच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, तिच्यावरून नर ओळखता येतो. कोणत्या बाजूचे शिंग, मखमलीत की पक्के, कोणता महिना, मागचे पाय सरळ पडतात का, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी तोच फाटा आला का, एवढे पाहिले तरी जुन्या नियतकालिकातल्या शेकडो मोजमापांत जे नाही ते हाती येईल. त्यासाठी जनावर जिवंत असताना पाहायला हवे, आणि छायाचित्राखाली तारीख लिहायला हवी. गळलेले शिंग शोधून नंतर पडताळा पाहू, असे म्हणून चालत नाही. जंगलात पडलेले शिंग फार दिवस राहत नाही. रात्री साळिंदर येते आणि चुन्यासाठी ते कुरतडून टाकते, सरळ असो वा वाकडे.